भिंतीची चव

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर जुन्नरच्या कासमचाचांचा. लोक त्यांना कासम गवंडी म्हणत. आईवडिलांनी मला शाळेत घातलं, गुरुजींनी अक्षर दिलं, पुण्याच्या कॉलेजानं इंजिनिअरची पदवी दिली. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे त्या पदवीचं कौतुक मला काय, सगळ्या भावकीला होतं. पण भिंत कशानं उभी राहते आणि कशानं मरते, हे मला ज्या माणसानं शिकवलं त्याला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. कागदावर ते अंगठा उठवत. आणि याच माणसाला मी एकदा चारचौघांत एक वाक्य बोललो. ते वाक्य मला आजही ऐकू येतं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच लागलो होतो आणि जुन्नरमधल्या एका जुन्या कचेरीची दुरुस्ती माझ्याकडे आली होती. पहिल्या दिवशी सकाळी मी वही, टेप घेऊन पोचलो, तर डोक्याला रुमाल बांधलेला एक दाढीवाला म्हातारा डोळे मिटून भिंतीला जीभ लावून उभा होता. मला वाटलं, बाजारातला कुणी वेडा आत शिरला.

"अहो, काय चाललंय?"

"चव घेतोय," त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकून पुन्हा एकदा जीभ लावली, बाजूला जाऊन चूळ भरली आणि रुमालानं तोंड पुसत माझ्यापुढे आले. "खाली खारं हाय. छातीच्या वर गेलं की गोडं. म्हंजे पानी खालनं चढतंय, वरनं न्हाई. तुमी कौलं बदलाया आलात नव्हं?"

"हो. मंजुरी कौलांचीच आहे."

"बदला की. पन भिताड तरी बी पडंल. मागली मोरी बघून या, पावणं."

मी मागे जाऊन पाहिलं. मोरी फुटली होती आणि सगळं सांडपाणी पायात मुरत होतं. कौलं शाबूत होती. माझ्या वहीत तीन पानं कौलांचा हिशेब होता, मोरीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

त्या दिवसापासून मी कासमचाचांच्या मागे लागलो. ते तेव्हा साठीच्या पुढे होते. घराण्याचा धंदाच चुनेगच्चीचा. आजा, बाप, सगळे जुन्या इमारतींच्या चुन्याच्या कामात गेलेले. हाताची कातडी चुन्यानं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती, बोटांवर रेषा म्हणून राहिल्या नव्हत्या. "माझा अंगठा बँकवाले घेत न्हाईत," असं ते हसून सांगत. पान, तंबाखू, विडी, कशालाही शिवत नसत. गवंड्यात असा माणूस विरळा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जिभंचं काम हाय आमचं. सारा जलम चुन्यात गेला, पन चुना कदी खाल्ला न्हाई."

भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पाण्याबरोबर क्षार आत चढतात आणि पाणी सुकलं की भिंतीत मीठ धरतं, हे मी पुस्तकात दोन ओळींत वाचलं होतं. चाचांकडे त्याचा सगळा नकाशा जिभेवर होता. कुठून पाणी आलं, कुठे थांबलं, किती वर्षं मुरतंय, हे ते चाखून सांगत. मला मात्र भिंतीला तोंड लावायचा धीर होत नव्हता. तो त्यांनी मला एका रमझानमध्ये दिला. आम्ही एका जुन्या हौदाच्या कमानीखाली उभे होतो.

"चाखा की चाचा."

"रोजा हाय. तू चाख."

"मी?"

"म्हैनाभर माझी जीभ तू. लाव. भिताड काय चावत न्हाई."

मी जीभ लावली. मातकट, थंड, आणि मग मागून हळूच मिठाची चव आली. मी सांगितलं, तर चाचा इतके खूश झाले की हौदावर पाणी भरायला आलेल्या बायांना हाका मारून सांगू लागले, "ओ ताई, आमच्या दत्तूला चव कळाली!" त्या बायांना काय कळायचं. पण पदवीच्या समारंभात नाव पुकारलं गेलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. ते मला दत्तूभाऊ म्हणत, खुशीत असले की नुसतंच दत्तू.

चुना कसा करायचा तेही त्यांनीच दाखवलं. भट्टीतून आणलेली चुन्याची कळी हौदात टाकून पाणी सोडलं की चुना उकळतो, फुटतो, वाफा सोडतो. मग तो तीन-तीन महिने पाण्याखाली निपचित पडून राहतो आणि लोण्यासारखा होतो. पुढे वाळू आणि विटांची पूड मिसळून बैलानं ओढायच्या घाणीत, दगडी चाकाखाली मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं. हिरडा भीमाशंकरच्या बाजूची माणसं पोत्यानं आणत. मी वही काढून प्रमाण विचारलं, तर चाचा म्हणाले, "वही ठेव. चाख. जीभ आखडली की हिरडा जास्ती झाला समज."

सिमेंटचा ते तिरस्कार करत असं नाही. "सिमीट लई कामाचं हाय," ते म्हणत. "पूल बांदा, टाकी बांदा. पन जुन्या भिताडाला लावू नका. तिला घाम येतो. तू शेतकऱ्याचा पोर ना? उनाळ्यात रेनकोट घालून नांगर धर बरं दिवसभर. मग सांग मला." मी हसलो होतो. हे तत्त्व मला पुरतं समजलं होतं, हे इथे कबूल करायला हवं. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, हायवेपासून थोडं आत. नाव लिहीत नाही, सगळी माणसं अजून तिथेच नांदतात. गावाबाहेर महादेवाचं जुनं देऊळ होतं. खाली दगडी गाभारा आणि वर वीट-चुन्याचा घुमट. आतून घुमटाला इतका घोटलेला गिलावा होता, की दिव्याची ज्योत त्यात दिसायची. त्या गिलाव्यातच समोरासमोर दोन मोर उठवले होते. लहानपणी आम्ही पोरं फरशीवर उताणी पडून मोरांचे पिसारे मोजायचो. बाहेरून मात्र घुमटाला तडे गेले होते आणि पिंपळानं मूळ धरलं होतं. गावानं जीर्णोद्धाराची कमिटी केली, तेव्हा मीच पुढे होऊन कासमचाचांचं नाव सुचवलं आणि दिवाळीनंतर त्यांना घेऊन गेलो.

चाचा दारात चपला काढून आत आले आणि त्यांनी वर पाहिलं. मग शिडी मागवली. वर चढून मोरांच्या खालच्या कोनाड्यामागे, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, हात घालून चाचपलं.

"दत्तू, वर ये. हितं बोट लाव."

मी बोट लावलं. गिलाव्यात एक खळगा होता, अंगठ्याएवढा.

"माझ्या आज्याचा," चाचा म्हणाले. "काम सरलं की आमी शेवटच्या वल्या चुन्यात अंगठा उठवतो. सही आमची. बाप सांगायचा, घोडनदीच्या अंगाला मोरांचं एक देऊळ हाय म्हनून. मला कदी गावलं न्हाई." मग त्यांनी घुमटाला जीभ लावली आणि मलाही लावायला सांगितली. आमची दोघांची चव एक आली. अजिबात खारट नव्हतं. "बघ, आतून निरोगी हाय. वरची कातडी तेवडी फाटलीय. तेवडीच शिवायची."

दोनच दिवसांत त्यांनी देवळामागे हौद खणून कळी भिजत घातली.

महिन्याभरानं कमिटीची बैठक देवळाच्या ओट्यावर भरली. अध्यक्ष अण्णा, गावातले मोठे बागायतदार, मधे बसले होते. माझे वडील खांबाला टेकून बसले होते. अशा बैठकीत ते नेहमी मागे बसत, त्या दिवशी मुलगा इंजिनिअर म्हणून अण्णांनी त्यांना पुढे बोलावलं होतं.

"कासमभाई, कदी व्हईल काम?" अण्णांनी विचारलं.

"चुना भिजतोय. अजून दोन म्हैनं. मग घानी. पावसाच्या आत बाहेरचा थर संपवतो."

"पावसाच्या? अवो, शिवरात्रीला पावणं बोलावलंत आमी. मांडव ठरला, आचारी ठरला."

"मग पावण्यास्नी चुना दाखवा भिजलेला," चाचा म्हणाले. लोक हसले, पण अण्णा हसले नाहीत.

मागून कुणीतरी म्हणालं, "सिमेंट मारा राव! पंधरा दिवसांत चकाचक."

"आपला विंजनेर काय म्हनतो?" अण्णा माझ्याकडे वळले. "बोल दत्ता. तू शिकल्याला हायेस. तू म्हनशील तसं."

सगळी बैठक माझ्याकडे पाहायला लागली. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट घातली. जन्मभर ज्यांच्या बांधाकडेनं ते मान खाली घालून गेले, ती माणसं त्यांच्या मुलाला विचारत होती. मला माहीत होतं की नाही म्हणालो तर शिवरात्र हुकेल, अण्णा नाराज होतील आणि वडील पुन्हा मागच्या रांगेत जातील. मी घसा साफ केला.

"शास्त्रीयदृष्ट्या सिमेंट जास्त मजबूत," मी म्हणालो. "पाणी आत शिरणारच नाही."

चाचांनी मान वळवली. ते रागावलेले नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "दत्तूभाऊ, आपुन दोगांनी चव घेतली नव्हं? सांग की समद्यास्नी."

आणि मी म्हणालो, "चाचा, जिभेवर इंजिनिअरिंग चालत नाही."

ओटा हशानं दुमदुमला. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. चाचा हसू विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बरं, साहेब."

ते उठले. थापी, रंधा, ओळंबा पिशवीत भरला. घुमटाला सिमेंट लावणार नाही, दुसरा गवंडी बघा, एवढंच त्यांनी अण्णांना सांगितलं. जाताना देवळामागच्या हौदापाशी थांबले. "साहेब, चुना फेकू नका. वर जाड माती टाकून झाका. ओल ऱ्हायली तर तो मरत न्हाई." पिशवी सायकलला अडकवून ते निघाले. जुन्नर तिथून लांब होतं. त्यांना जीपनं सोडावं, हे मला ते दिसेनासे झाल्यावर सुचलं.

शिवरात्रीला घुमट गुलाबी ऑईलपेंटमध्ये चमकत होता. माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. वडील दिवसभर पाहुण्यांना मोर दाखवत होते.

पुढे मी जुन्नरला गेलो की चाचा भेटत. आगतस्वागत तसंच. "या साहेब. बसा साहेब. चहा घेनार का साहेब?" एकही वाकडा शब्द नाही. दत्तू म्हणणं मात्र थांबलं ते थांबलंच. मी एकदा म्हणालो, "चाचा, मला साहेब म्हणू नका." ते म्हणाले, "न्हाई कसं? शिकल्याली मानसं तुमी." त्यांची नात नसीम तेव्हा शाळेत जायची. ती दारात अभ्यास करत बसलेली असे. तिला ते माझ्यादेखत सांगत, "लई शीक. साहेबासारखी शीक." ते टोमणा मारत होते की मनापासून बोलत होते, हे मला कधी कळलं नाही.

पाच-सहा पावसाळे गेले. एके दिवशी गावाकडून निरोप आला की महादेवावर विभूती पडते आहे. घुमटातून पांढरी भुकटी आपोआप पिंडीवर झरते, लोक लांबून दर्शनाला येत आहेत. मी गेलो. रांग लागली होती. बाया पिंडीवरची ती भुकटी बोटानं उचलून पोरांच्या कपाळाला लावत होत्या. माझ्या आईनंही पुडीत बांधून घरी ठेवली होती. मी चिमूटभर घेतली आणि जिभेवर ठेवली.

मीठ होतं.

सिमेंटला केसासारखे तडे गेले होते. त्यातून पाणी आत जात होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. ते विटेविटेतून आतल्या गिलाव्याकडे आलं, सिमेंटमधले क्षारही घेऊन आलं, आणि गिलाव्यामागे वाळून फुललं. आतून ढकलून ढकलून पोपडे सोडवत होतं. एका मोराचं डोकं गेलं होतं. दुसऱ्याचा पिसारा फुगून भिंतीपासून सुटला होता, बोट लावलं तर आत पोकळ वाजत होता.

मी जीप घेऊन जुन्नरला गेलो. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पाय सुजले होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि काठी घेऊन जीपमध्ये बसले. वाटेत एकदाच बोलले, "आईनं घरी न्हेलं व्हतं व्हय कपाळाला लावाया?" मी हो म्हणालो.

देवळात ते मोरांच्या खाली उभे राहिले, पण त्यांना दिसत नव्हतं. शिडी चढणं शक्यच नव्हतं.

"साहेब, तुमी चढा. कोनाड्याच्या मागं हात घाला."

मी चढलो आणि हात घातला. बोटं लागताच सगळं कोसळलं. ओल्या राखेसारखा गोळा माझ्या तळहातावर आला. आज्याचा अंगठा त्यातच कुठेतरी होता.

"हाय का?" चाचांनी खालून विचारलं.

"आहे चाचा," मी म्हणालो. "शाबूत आहे."

मी खाली उतरलो. हात पाठीमागे धरला होता. ते जवळ आले, चाचपत माझं मनगट धरलं, हात पुढे ओढला आणि वाकून जिभेचं टोक माझ्या तळव्याला लावलं.

"खारं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चूळही भरली नाही.

मी कमिटीपुढे गेलो. सिमेंट खरवडून काढू, घुमट सुकू देऊ, जेवढं आत शिल्लक आहे तेवढं चुन्यानं धरू, असं मांडलं. चाचांनी मला सांगून ठेवलं होतं, की विटेत मीठ गेलंय, मोर काही वाचायचे नाहीत, घुमट मात्र वाचेल. अण्णा म्हातारे झाले होते, पण त्यांची आठवण पक्की होती.

"पानी कुठनं आलं, हे कशावरनं म्हनतोस?"

"चाखून."

"दत्ता, तूच म्हनला व्हतास ना याच ओट्यावर? जिभेवर इंजिनिअरिंग चालत न्हाई."

पुन्हा तोच हशा पिकला. वडील या वेळी मागे बसले होते. घरी आल्यावर ते एवढंच बोलले, "तवा लोकांनी तुझं ऐकलं. तवाच नीट बोलायचं व्हतं." देऊळ पाडून स्लॅबचं नवं मंदिर बांधायचं ठरलं.

घुमट पाडायला जेसीबीला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. मी रजा घेऊन तिथे उभा होतो. मोठे मोठे तुकडे पडत होते आणि ट्रॉलीत भरून ओढ्याकाठी भरावाला जात होते. नव्या पायासाठी मागची जमीन उकरताना जेसीबीच्या दातांना पांढरं काहीतरी लागलं. मी ओरडून यंत्र थांबवलं. चाचांचा हौद होता. तेव्हा चाचांच्या सांगण्याप्रमाणे मी माती टाकून घेतली होती, एवढी एकच गोष्ट मी ऐकली होती. आत चुना होता. मधे इतकी वर्षं गेली आणि तो अजून ओला होता, बोटानं उचलला तर लोणी.

त्या आवारातली एकच जुनी गोष्ट उरली होती, दारासमोरची दगडी दीपमाळ. ती कुणाच्या आड येत नव्हती म्हणून राहिली. तिचे सांधे उघडे पडले होते आणि मागचा गिलावा गळला होता. मी तो चुना पिंपात भरून ठेवला. रविवारमागून रविवार जाऊन स्वतः हिरडा भिजवला, गूळ घातला, घाणी नव्हती म्हणून लाकडी धुमसानं चुना कुटला आणि दीपमाळेला लावला. गावातली पोरं विचारायची, साहेबाला काय झालं. ते काम हातात असतानाच माझी विदर्भात बदली झाली. जाण्यापूर्वी चाचांना भेटायचं धैर्य झालं नाही. तिकडे गेल्यावर पत्र लिहिलं.

रजा मिळायला दीड महिना गेला. जुन्नरला पोचलो, तेव्हा चाचांना जाऊन आठ दिवस झाले होते. नसीम आता कॉलेजात होती. तिनं मला बसवलं आणि पत्र परत आणून दिलं. पत्र आलं त्या दिवशी तिनं ते चाचांना दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या वेळी मोरांच्या मजकुरापाशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, थोड्या वेळानं पुढे वाच म्हणाले. मग सोबतची पुडी मागून घेतली, आणि आतला तुकडा जिभेला लावला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुरट हाय. हिरडा जास्ती पडलाय. दत्तूला कळव, हात आखडून टाकत जा म्हनावं." नसीमनं ओढणीनं डोळे पुसले. "आणि म्हणाले, पन खारं न्हाई."

दीपमाळेच्या मागे एक छोटी जागा आजही गिलाव्याविना उघडी आहे. गावातले लोक विचारतात, इंजिनिअरचं काम अर्धवट कसं राहिलं. त्याचं उत्तर या पत्रात आहे. घड्यांमध्ये अजून थोडी पांढरी भुकटी अडकलेली आहे, ती मी झटकलेली नाही.

"तीर्थरूप कासमचाचा यांस,

दत्तूचा नमस्कार आणि सलाम.

नसीम, हे पत्र चाचांना सावकाश वाचून दाखव. काही गाळू नकोस.

चाचा, देऊळ पाडलं. मोर गेले. मी समोर उभा होतो, पण एकही तुकडा धड हाती आला नाही. तुमच्या आज्याचा अंगठा मी तुम्हाला 'शाबूत आहे' म्हणून सांगितला, ते खोटं होतं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं. तरी तुम्ही मला काही बोलला नाहीत.

बैठकीत मी जे बोललो ते मला ठाऊक नव्हतं म्हणून बोललो नाही. घुमट गोड आहे हे मी स्वतः चाखलं होतं. वडील पुढे बसले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून बोललो. तुमच्यावर लोक हसले, त्यात मीही हसलो होतो. हे तुम्ही पाहिलं की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगतो आहे.

तुमचा चुना सापडला. तुम्ही म्हणाला होता तसा जिवंत होता. त्यानं मी दीपमाळ धरली आहे. घाणी नव्हती, हातानं कुटला. घोटाई तुमच्यासारखी आली नाही, जागोजाग लाटा राहिल्यात. ज्योत त्यात दिसणार नाही.

मागच्या अंगाला, कोपराएवढ्या उंचीवर, तळहाताएवढी जागा मी गिलाव्याविना सोडली आहे. मी माझा अंगठा उठवलेला नाही, तो माझा हक्क नाही. थोडा चुना पिंपात पाण्याखाली ठेवला आहे. पाय बरे झाले की मी गाडी घेऊन येतो. शिडी चढावी लागणार नाही, बसून हात पोचेल.

सोबत पुडीत दीपमाळेच्या गिलाव्याचा एक तुकडा पाठवतो आहे. माझ्या जिभेवर माझा विश्वास उरलेला नाही. तुम्ही चाखा, आणि काय असेल ते कळवा. वाईट असेल तर काढून पुन्हा लावीन.

आपला,
दत्तू"